पायलटचं जुनं जॅकेट विकायचंय? आधी पावती लिहायला शिका



जुन्या वस्तूंच्या धंद्यावर व्हिडिओ टाकला की खाली दोन प्रकारचे प्रश्न हमखास येतात. पहिला, "सर, नाणी आणि घड्याळं सोडून वेगळं काही आहे का?" आणि दुसरा, "कोल्हापुरात बसून हे जमेल का?" आज दोन्हींचं उत्तर एकाच विषयात देतो: लढाऊ विमानांच्या वैमानिकांचं जुनं सामान. म्हणजे चामड्याची जॅकेटं, कानटोपीसारखी हेल्मेटं, गॉगल, ऑक्सिजन मास्क, लॉगबुकं, बिल्ले, कॉकपिटमधली घड्याळं. जगभरात हे गोळा करणारे हौशी लोक आहेत आणि ते चांगले पैसे मोजतात. पण हा लेख शेवटपर्यंत वाचा. या धंद्यात पैसा कमावणारा आणि नाव घालवणारा यांच्यात फरक असतो तो एका कागदाचा.

हे सामान जमवतं कोण, आणि का?

सुरुवातीच्या विमानांना छत नव्हतं. वर जाल तशी हवा दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंशांनी थंड होते. खाली तीस अंश असले तरी सहा हजार मीटरवर उणे नऊच्या आसपास, आणि तोंडावर वारा. म्हणून मेंढीच्या लोकरीसकट कातड्याचं जॅकेट आलं. लेस्ली आयर्विन हा पॅराशूटवाला अमेरिकन माणूस, त्याच्या नावाचं आयर्विन जॅकेट ब्रिटिश हवाई दलाने वापरलं. अमेरिकन लष्कराच्या हवाई दलाने १९३१ मध्ये ए-२ नावाचं जॅकेट ठरवलं: बहुतेक घोड्याच्या कातड्याचं, कमरेला आणि मनगटाला विणलेली लोकरी पट्टी, छातीवर नावाची चामडी पट्टी. १९४३ मध्ये त्याचं उत्पादन थांबलं. पण लोकांच्या मनातून ते गेलं नाही. शेवटी १९८८ मध्ये अमेरिकन हवाई दलाने आपल्या वैमानिकांना ते पुन्हा द्यायला सुरुवात केली. आधी १९८६ मध्ये 'टॉप गन' आला होताच. त्यातलं जॅकेट नौदलाचं, जी-१, आणि मूळ जी-१ बकरीच्या कातड्याचं. बकरीचं कातडं! हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आज जपानमध्ये बझ रिक्सन्स आणि रिअल मॅकॉइज, इंग्लंडमध्ये ईस्टमन लेदर या कंपन्या त्या जुन्या जॅकेटांच्या हुबेहूब प्रती शिवतात. टाके, चेन, लेबल, सगळं मूळ नमुन्याप्रमाणे. एकेक जॅकेट लाख रुपयांच्या पुढे जातं. आणि ते "ही प्रत आहे" असं स्पष्ट सांगून विकतात, तरीही गिऱ्हाईक रांगेत असतं. हा मुद्दा मी पुन्हा काढणार आहे.

आपल्याकडचं बघा. 'विक्रांत' ही आपली पहिली विमानवाहू नौका. १९७१च्या युद्धात तिच्यावरून सी हॉक आणि अलिझे विमानं उडाली. १९९७ मध्ये ती निवृत्त झाली, २०१२ पर्यंत मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती, मग भंगारात गेली. भंगाराच्या दराने विकलं गेलेलं तिचं पोलाद पुण्याच्या बजाज ऑटोने घेतलं, २०१६ मध्ये 'व्ही' नावाची मोटारसायकल काढली आणि सांगितलं की हिच्या टाकीत विक्रांतचं पोलाद आहे. लोखंड तेच, पण भंगारवाल्याच्या काट्यावर त्याची किंमत किलोने होती आणि शोरूममध्ये गोष्टीने. बजाजची गोष्ट टिकली, कारण ती खरी होती आणि पोलाद कुठून आलं ते दाखवता येत होतं.

दुसरं, २६ सप्टेंबर २०२५ला चंदीगडमध्ये मिग-२१ निवृत्त झालं. १९६३ पासून सेवेत होतं. आपल्या नाशिकजवळच्या ओझरला एचएएलच्या कारखान्यात ही विमानं बनली. म्हणजे महाराष्ट्रातल्या किती घरांत मिगशी संबंधित काहीतरी असेल, विचार करा: कुणाचे वडील फिटर, कुणाचे काका एअरमन, कुणाच्या मामांच्या ट्रंकेत जुना निळा स्वेटर आणि युनिटचा ग्रुप फोटो. विमान उडायचं थांबलं की त्याच्याशी जोडलेल्या वस्तूंकडे लोकांचं लक्ष जातं. तुम्हीही आत्ता हे वाचताय ते त्यामुळेच.

कोल्हापूरकडे काय आहे

सैनिकांची घरं आहेत, पहिली गोष्ट ती. शिरोळ तालुक्यातल्या सैनिक टाकळीचं नावच सांगतं. गडहिंग्लज, चंदगड, कागल भागात माजी सैनिक नाही असं गाव शोधावं लागेल. यात वैमानिक कमी, जमिनीवरचे तंत्रज्ञ जास्त. पण तंत्रज्ञाचं सामानही संग्राहकाला हवं असतं.

दुसरं म्हणजे चामड्याचं हात. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं चामडं, सुभाषनगर-जवाहरनगरचे कारागीर, २०१९चं भौगोलिक मानांकन, हे तुम्हाला मी सांगायला नको. उद्यमनगरात लेथ आहे, हुपरीत चांदीकाम आहे.

पण इथे मी तुमचा उत्साह थोडा खाली आणतो. चप्पल शिवणारा उत्तम कारागीर म्हणजे जॅकेट शिवणारा नव्हे. चपलेचं चामडं जाड आणि कडक, जॅकेटचं एक मिलिमीटरच्या आसपास आणि मऊ. मशीन वेगळी, सुई वेगळी, कटिंगचं डोकंच वेगळं. त्यात जॅकेटला साईज असते. साईज असली की माल परत येतो. एक जॅकेट परत आलं की चार जॅकेटांचा नफा गेला. जॅकेटच शिवायचं असेल तर धारावीत किंवा चेन्नईकडे जॅकेट शिवणारे आहेत, तमिळनाडूत बकरीचं उत्तम चामडं कमावतात, आणि मूळ जी-१ बकरीचंच होतं. तो रस्ता आहे, पण पन्नास हजारांत तो चालत नाही. मी तर म्हणेन, पहिली दोन वर्षं जॅकेटाला हात लावू नका.

मग काय करायचं? साईज नसलेल्या वस्तू. गॉगलची पेटी, नकाशाची पिशवी, छातीवरच्या नावपट्ट्या, लॉगबुकचं कव्हर. लॉगबुकचं कव्हर जरा थांबून बघू, कारण त्याचं गिऱ्हाईक फक्त जुन्याचा हौशी नाही. बारामतीला, गोंदियाला वैमानिक प्रशिक्षण चालतं. शिकाऊ पायलट प्रत्येक उड्डाणाची नोंद लॉगबुकमध्ये करतो आणि ते आयुष्यभर सांभाळतो. त्याला जुन्या धाटणीचं, त्याचं नाव कोरलेलं चामडी कव्हर द्या. आई-वडील भेट म्हणून घेतील, मित्र वर्गणी काढून घेतील.

हिशोब मांडून बघू. आकडे समजण्यापुरते माझे, तुमच्या बाजारातले टाका. चामडं तीन चौरस फूट, ११० रुपयांनी ३३०. दोरा, अस्तर ६०. मजुरी २५०. खोका ६०, कुरिअर ९०. जाहिरात आणि पेमेंटचे चार्जेस १५०. झाले ९४०. दीड हजाराला विकलं तर हातात ५६०. महिन्याला वीस गेले तरी अकरा हजार दोनशे. श्रीमंत होणार नाही, पण या पैशावर तुमचा जुन्या वस्तूंचा शोध चालू राहील. कारागिराची मजुरी मात्र त्याच दिवशी द्या. "माल विकला की देतो" असं म्हणणाऱ्याकडे चांगला कारागीर दुसऱ्यांदा येत नाही. आणि कारागीर स्वतःच उद्योग करत असेल तर त्याला पीएम विश्वकर्मा योजनेची माहिती द्या. चर्मकार आणि शिंपी दोन्ही त्या अठरा व्यवसायांत आहेत, अवजारांसाठी १५ हजार आणि पाच टक्के व्याजाने आधी एक लाख, मग दोन लाख कर्ज मिळतं.

एक पथ्य. कव्हरवर "कोल्हापुरी चप्पल फेम" वगैरे लिहू नका. ते मानांकन चपलेचं आहे, तुमच्या कव्हरचं नाही.

खरं की खोटं, कसं ओळखायचं?

जुन्या वस्तूंकडे वळू. पुण्याचा जुना बाजार, मुंबईचा चोरबाजार, तिथे तुम्हाला "सेकंड वर्ल्ड वॉर का है साहब" म्हणत बरंच काही दाखवतील. मुंबईच्या घड्याळांची तर जगभर वाईट ख्याती आहे. जुन्या मशीनवर नवी डायल रंगवून, त्यावर विमान किंवा लष्करी खूण काढून विकलेल्या घड्याळांना परदेशी संग्राहक चेष्टेने 'बॉम्बे स्पेशल' म्हणतात. आपल्या शहराचं नाव असं वापरलं जातं हे मला झोंबतं. तुम्हालाही झोंबलं पाहिजे, कारण उद्या तुम्ही खरी वस्तू विकायला गेलात तरी "इंडियातून आलंय ना?" हा संशय तुम्हाला आधी दूर करावा लागणार.

थोडं ज्ञान फुकट मिळतं, ते घ्या. आपलं हवाई दल ८ ऑक्टोबर १९३२ला स्थापन झालं. मार्च १९४५ मध्ये नावाआधी 'रॉयल' लागलं आणि १९५० मध्ये प्रजासत्ताक झाल्यावर ते गेलं. म्हणजे ज्या वस्तूवर 'रॉयल इंडियन एअर फोर्स' आहे ती या पाच वर्षांतली. त्याच वेळी बटणांवरचा, बिल्ल्यांवरचा मुकुट जाऊन अशोकस्तंभाचे सिंह आले. ब्रिटिश वस्तूंवरचा मुकुटही बघा: राजाच्या काळातल्या मुकुटाची कमान वरून गोल, राणी एलिझाबेथच्या काळातल्या मुकुटाची मध्ये दबलेली. मात्र राजे चार्ल्स आल्यावर गोल कमानीचा मुकुट परत आला. त्यामुळे नुसता मुकुट बघून "१९४०चं आहे" म्हणणारा अर्धवट शहाणा.

ब्रिटिश सरकारी मालावर बाणाची खूण असते, एअर मिनिस्ट्रीच्या मालावर 'ए.एम.' आणि मुकुट. वैमानिकांच्या कपड्यांचा सरकारी साठा क्रमांक '२२सी' ने सुरू होतो. हेल्मेटच्या आत, गॉगलच्या पट्ट्यावर, जॅकेटच्या लेबलवर तो शोधा. अमेरिकन ए-२ च्या लेबलवर ३०-१४१५ हा नमुना क्रमांक असतो. चेनच्या पुलरवर बनवणाऱ्याचं नाव असतं, टॅलन, क्राउन, कॉनमार अशी. चेन बदललेली असू शकते, तसं असेल तर तसं लिहा. बदललेल्या चेनने वस्तू खोटी ठरत नाही, किंमत फक्त कमी होते.

एक यूव्ही टॉर्च घ्या, नोटा तपासायला दुकानदार वापरतात तसली. कापड आणि दोरा पांढरा चमकवणारी रसायनं साधारण १९५० नंतर सर्रास वापरात आली. त्या प्रकाशात लेबल किंवा दोरा निळसर झगझगला तर संशय घ्या. पण लगेच "खोटं" म्हणून फेकू नका, कारण आपल्याकडे घराघरांत टिनोपाल, राणीपाल वापरलं गेलंय! आजीने प्रेमाने धुतलेलं अस्सल कापडही झगझगेल. उलट झगझगलं नाही म्हणून खरं, असंही नाही. शिवणीतून सुटलेला एखादा धागा जाळून बघा: सुती धागा राख होतो, पॉलिस्टर वितळून मणी होतो. १९४०च्या शिवणीत पॉलिस्टर निघालं तर निदान ती शिवण नंतरची आहे हे नक्की.

आणि गोष्ट तपासा. वस्तू नंतर, गोष्ट आधी. कोल्हापूरचंच उदाहरण घेऊ. वळिवड्याला १९४३ ते १९४८ पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती, साधारण पाच हजार लोक. महावीर उद्यानात त्यांचं स्मारक आहे. तिकडे युरोपात ३०३ क्रमांकाच्या स्क्वॉड्रनमधल्या पोलिश वैमानिकांनी १९४०च्या ब्रिटनच्या लढाईत मोठं नाव कमावलं. आता या दोन खऱ्या गोष्टी एकत्र शिवून कुणी तुम्हाला सांगेल, "हा गॉगल वळिवडे कॅम्पमधल्या पोलिश पायलटचा." ऐकायला भारी आहे. पण वळिवड्यात मुख्यतः बायका, मुलं आणि म्हातारी माणसं होती. लढणारे पुरुष दुसरीकडे होते. कुणा पायलटने बहिणीला गॉगल पाठवला असेल, अशक्य नाही. मग पत्र दाखवा, फोटो दाखवा, नाव दाखवा. काहीच नसेल तर तो फक्त एक जुना गॉगल आहे आणि त्याची किंमतही तेवढीच.

डोळे तयार करायचे तर गोव्याला वास्कोजवळ बोगमाळोला नौदलाचं हवाई संग्रहालय आहे. आंबोलीने खाली उतरा, दोन दिवस काढा. सी हॉक, अलिझे समोर उभी आहेत, वैमानिकांचं सामानही ठेवलंय. खरी वस्तू शंभर वेळा बघितलेला माणूस खोटी एका नजरेत ओळखतो. रील बघून हे होत नाही.

ट्रंक उघडते तेव्हा

आता मुख्य गोष्ट. माल येणार कुठून? लिलावातून येईल. संरक्षण खात्याचं निकामी सामान एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या ई-लिलावात निघतं, पण तिथे लॉट मोठे, छोट्या माणसाला परवडत नाहीत. तुमचा खरा माल घरांतून येणार.

समजा, गडहिंग्लजकडच्या एका घरात तुम्ही गेलात. काका हवाई दलात होते, चार वर्षांपूर्वी गेले. काकी ट्रंक उघडतात. वर डांबरगोळ्यांचा वास, खाली एक जुनं चामडी हेल्मेट, काही बिल्ले, एक वही, फोटो. मुलगा पुण्यात, त्याला यात रस नाही. काकी म्हणतात, "घेऊन जा बाळा, घरात नुसती अडगळ. काय द्यायचं ते दे."

तुम्हाला माहीत आहे की हेल्मेटचे तीस-चाळीस हजार येऊ शकतात. त्यांना माहीत नाही. दोन हजार पुढे केलेत तर त्या खूश होतील. चहा पाजतील वर. काय कराल?

मी यावर प्रवचन देणार नाही, धंद्याचं सांगतो. तुम्ही ते हेल्मेट इन्स्टाग्रामवर टाकणारच, त्याशिवाय विकणार कसं? पुण्यातला मुलगा नाही तर नातू ते बघणार. चाळीस हजारांचा आकडा बघणार. गडहिंग्लज छोटं आहे, माजी सैनिकांची मंडळं एकमेकांना ओळखतात. महिन्याभरात तुमच्यासाठी तालुक्यातली प्रत्येक ट्रंक बंद. एका हेल्मेटमागे अडतीस हजार मिळाले आणि पुढची वीस वर्षं गेली.

म्हणून माझा आग्रह आहे: पहिल्या दिवशी विकत घेऊच नका. वस्तू विक्रीसाठी ताब्यात घ्या, मालकी त्यांचीच. विकली की ठरलेली टक्केवारी तुमची, उरलेले पैसे त्यांचे. सत्तर-तीस ठेवा, साठ-चाळीस ठेवा, पण कागदावर ठेवा. यात तुमचं भांडवलही अडकत नाही. पन्नास हजारांतले पंधराच्या वर जुन्या मालात घालू नका असं मी सांगतो ते यामुळेच. जुनी वस्तू आठवड्यात जाते किंवा दोन वर्षं कपाटात बसते, आधी कळत नाही.

त्या कागदाचं बघू. शीर्षकात म्हटलेली पावती ती हीच. दोन प्रती. वस्तूचं वर्णन, तिच्यावरचे सगळे शिक्के आणि क्रमांक, दोष (रबर चिरलंय, एक बटण नवं), वस्तू घरात कशी आली, कुणाची, कोणत्या काळातली, हे घरच्यांच्या शब्दांत. जे त्यांना आठवत नाही तिथे "माहीत नाही" असंच लिहायचं, तुमच्या डोक्यातलं भरायचं नाही. कमीत कमी किती किमतीला विकायचं, किती महिन्यांत न विकल्यास परत. सही, तारीख, वस्तूसह फोटो. आणि ही वस्तू त्यांच्याच मालकीची आहे, सरकारी देणं लागत नाही, असं एक वाक्य.

हे वाक्य विसरू नका. कुणी अलीकडचं हेल्मेट, नवा फ्लाइंग सूट, बेल्ट-बकल असं काही आणून दिलं आणि कागद नसेल तर हात लावू नका. तो माल सरकारी असू शकतो. चोरीचा माल घेणाराही गुन्हेगारच ठरतो.

ट्रंकेतली वही लॉगबुक निघाली तर? बाजारात लॉगबुकला सगळ्यात जास्त मान, कारण उड्डाणांच्या नोंदी वस्तूला माणसाशी जोडतात. तरी मी म्हणेन, वही आणि फोटो स्कॅन करा, दोन प्रती काढा, एक वस्तूबरोबर द्या आणि मूळ वही काकींच्या हातात परत ठेवा. त्यांनी नंतर, मुलाशी बोलून, विकायचं म्हटलं तर वेगळी गोष्ट. "आधी पोराला विचारा" हे तुम्ही स्वतःहून म्हणालात की त्या घराचा विश्वास तुमचा.

कायदा, थोडक्यात पण नीट वाचा

शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२च्या पुरावशेष कायद्यात येते. तिचा व्यापार करायला परवाना लागतो आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. दुसऱ्या महायुद्धाचं सामान अजून त्या रेषेच्या अलीकडे आहे, पहिल्या महायुद्धाचं पलीकडे गेलंय. सैनिक आहोत असं भासवायला गणवेश किंवा खुणा वापरणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ खाली गुन्हा आहे, तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. तुम्ही सध्याच्या गणवेशाच्या हुबेहूब प्रती विकल्यात तर पोलिस तुमच्या दारात येणारच. अशोकस्तंभाची मुद्रा धंद्यासाठी छापायला २००५च्या कायद्याने बंदी आहे, त्यामुळे तुमच्या नव्या पट्ट्यांवर ते सिंह नकोत. परदेशातून वापरलेले कपडे मागवण्यावर निर्बंध आहेत, कस्टम एजंटला विचारल्याशिवाय ऑर्डर टाकू नका. इजेक्शन सीटचं काडतूस किंवा जिवंत वाटणारं काहीही दिसलं तर हात न लावता पोलिसांना फोन.

कॉकपिटमधल्या जुन्या घड्याळांचं वेगळं सांगतो. अंधारात चमकावं म्हणून त्यांच्या काट्यांवर रेडियमचा रंग असायचा. आता ते चमकत नाहीत, म्हणून लोकांना वाटतं संपलं. चमकणारं रसायन संपलं, रेडियम नाही. ते निम्मं व्हायलाच सोळाशे वर्षं लागतात. काच उघडू नका, रंग खरवडू नका, पोरांच्या हातात देऊ नका. मी तर नवख्या माणसाला हा माल घेऊच नका म्हणतो.

नवं ते नवं, जुनं ते जुनं

जून २०२५ मध्ये प्राडाने मिलानच्या शोमध्ये आपल्या कोल्हापुरीसारखी चप्पल दाखवली, नाव न घेता. किती चिडलो आपण! शेवटी त्यांना मान्य करावं लागलं की प्रेरणा इथली. आता आरशात बघा. तुम्ही १९४०च्या इंग्रजी गॉगलची पेटी बनवता, ती चहाच्या पाण्यात बुडवून, विटेने घासून "जुनी" करता आणि प्रत आहे हे सांगत नाही, तर तुमच्यात आणि त्यांच्यात फरक काय? उलट तुमचं जास्त वाईट, कारण गिऱ्हाईक जुन्याचे पैसे देतंय.

प्रत बनवा, अभिमानाने बनवा. आतल्या बाजूला, पुसता येणार नाही असा ठसा मारा: तुमचं नाव, कोल्हापूर, साल. ईस्टमन आणि जपानी लोक प्रत म्हणून सांगूनच लाखात विकतात, हे वर सांगितलंय. दुकानात, वेबसाइटवर, बिलबुकात जुना आणि नवा माल वेगळा ठेवा. एकाच फोटोत दोन्ही मांडून गंमत करू नका.

पावसाळा

बाकी सगळं जमलं तरी जुलै-ऑगस्ट तुमचा माल खाईल. कोल्हापुरात चामड्याला बुरशी यायला आठवडा पुरतो. तळमजल्यावर साठा नको. २०१९ आणि २०२१चा पूर आपण पाहिलाय, पंचगंगा विचारून येत नाही. जॅकेट प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नका, आत दमट होतं. धुतलेल्या मांजरपाटाच्या पिशवीत, जाड कापूस गुंडाळलेल्या हँगरवर, उजेडापासून लांब. कपाटात सिलिका जेल आणि दोनशे-तीनशे रुपयांचा आर्द्रता मोजायचा छोटा मीटर ठेवा, पन्नासच्या आसपास ठेवायचा प्रयत्न करा. साठ ओलांडलं की पाकिटं बदला. डांबरगोळ्या चामड्याला टेकवू नका. हेल्मेटची घडी करू नका, आत जुन्या सुती कापडाचा गोळा भरा.

बूट पॉलिश, खोबरेल, एरंडेल यातलं काहीही "चमकवायला" लावू नका. बुरशी दिसली तर उघड्यावर सावलीत नेऊन, तोंडाला मास्क लावून, कोरड्या मऊ ब्रशने झाडा. चामड्यातून लालसर भुकटी गळत असेल तर ते सडतंय. त्याला तेल पाजलं तर काळं पडून आणखी तुटेल. तसंच ठेवा, पावतीवर दोष लिहा आणि जाणकाराला दाखवा. जुनं रबर चिकट झालं असेल तर ते चामड्यापासून वेगळं गुंडाळा. संग्राहकाला साठ वर्षांचा डाग चालतो, तुम्ही काल केलेली साफसफाई चालत नाही.

ही साठवणीची आणि साफसफाईची कामं नीट शिकलात तर तीही सेवा म्हणून विकता येतात. ज्यांना काहीच विकायचं नाही, फक्त बाबांचं जॅकेट नातवापर्यंत टिकवायचंय, अशी घरं विकणाऱ्यांपेक्षा जास्त आहेत. मांजरपाटाची पिशवी, हँगर, वस्तूची माहिती लिहिलेलं कार्ड, स्कॅन केलेले फोटो, असा एक संच घरपोच द्या. साईज नाही, परत येणं नाही, खरं-खोटं ठरवायची जबाबदारी नाही. मला विचाराल तर कोल्हापुरातल्या नवख्या माणसाने या कामानेच सुरुवात करावी, कारण ट्रंका उघडतात त्या याच कामात.

पावतीचा नमुना मराठीत तयार केलाय, व्हिडिओखालच्या लिंकवर आहे, प्रिंट काढून वापरा. तुमच्या घरात असं काही असेल तर कमेंटमध्ये लेबलचा फोटो टाका. फ्लॅश बंद, खिडकीजवळचा उजेड, शेजारी पट्टी ठेवून. आणि लेबलवर कुणाचं नाव किंवा सर्व्हिस नंबर असेल तर तो बोटाने झाकूनच फोटो काढा.